भाच्याला उद्या कोर्टात नेणार, जामिनाचं कोण ठरवतं?

धायरीचा_मामा:
पार्किंगवरून सोसायटीत मारामारी झाली. भाच्याच्या हातात बॅट होती, समोरच्याच्या मनगटावर बसली. आज दुपारी अटक झाली, भारतीय न्याय संहितेचं कलम ११८(१) लावलंय, म्हणजे घातक हत्याराने दुखापत. पोरगा २१ वर्षांचा, आधीची एकही केस नाही. उद्या शिवाजीनगर कोर्टात हजर करणार. शेजारी म्हणतात चौकीतूनच जामीन होतो, अंमलदार नाही म्हणाले. बहिणीने पाण्याचा घोटही घेतलेला नाही. जाणकारांनी सांगा.

कसबा_७७:
सगळं पोलिसांच्याच हातात असतं. वर ओळख काढा.

वकीलताई_शिवाजीनगर:
मामा, ओळखी काढत रात्र घालवू नका, आजच वकील गाठा. ११८(१) अजामीनपात्र आहे, म्हणून चौकीतून सहसा सोडत नाहीत. पण अजामीनपात्र म्हणजे जामीन नाहीच, असं मुळीच नाही. तो कोर्ट ठरवतं. अटकेपासून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं.

उद्या आयओ, म्हणजे तपास अधिकारी, बहुतेक पीसीआर (पोलीस कोठडी) मागेल, ‘बॅट जप्त करायची आहे’ म्हणून. बॅट आधीच पंचनाम्यात आली असेल तर वकिलाने ते तिथल्या तिथे दाखवायचं. शिवाय या कलमाला जास्तीत जास्त ३ वर्षं शिक्षा आहे. ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक नको, अटकेची गरज कारणांसह लिहा, असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलंय. ती कारणं न्यायाधीशांनी वाचावीत असा आग्रह धरा. हा मुद्दा कोणी मांडतच नाही आणि पोरं विनाकारण येरवड्यात जातात, फार जीव तुटतो.

एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाली की लगेच जामीन अर्ज. त्यावर सरकारी पक्षाचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, मागवतात. जामीनदार तयार ठेवा, त्याचं आधार आणि रेशनकार्ड सोबत.

धायरीचा_मामा:
ताई, उपकार झाले. समोरच्याचा एक्स-रे काढलाय म्हणे. त्याने फरक पडतो?

वकीलताई_शिवाजीनगर:
खूप. हाड मोडलं असेल तर ती गंभीर दुखापत, मग ११८(२) लागू शकतं आणि तिथे शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे. म्हणून डॉक्टरांच्या दाखल्यात काय लिहिलंय ते वकिलाला आधी बघू द्या. एफआयआरमधलं कलम शेवटचं नसतं. तपासात ते बदलतं, दोषारोपपत्रात बदलतं, आणि आरोप कोणता ठेवायचा हे शेवटी कोर्टच ठरवतं.

वकिलाची फी झेपत नसेल तर कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.