‘ती कथा माझी आहे’: सोसायटीच्या ग्रुपवर, पाचपाखाडी, ठाणे

सावंत काका (ए-२०३): वरची कथा सगळ्यांनी वाचा. आमच्या पेन्शनरांच्या ग्रुपवर आली होती. २६ जुलै २००५, मुंबई पावसाच्या पाण्यात बुडालेली, बाळ पाळणाघरात आणि आई विक्रोळीहून ठाण्याला चालत निघालेली. डोळे भरून आले. लेखकाचं नाव खाली नाही.

प्राची (सी-६०१): वाचली काका. मुलुंड चेकनाक्यापाशी अंधारात एक अनोळखी बाई तिचा हात धरते, तिथे मी थांबलेच. कोणी लिहिलीय?

वैदेही (बी-७०४): नमस्कार. ती कथा माझी आहे. मागे एका दिवाळी अंकात आली होती.

ग्रुपवर मी फारशी बोलत नाही, म्हणून आज नीट ओळख करून देते. लिफ्टमध्ये तुम्ही मला ‘ईशानची आई’ म्हणता आणि ती हाक मला मनापासून आवडते. त्याची स्कूलबस गेली की ऑफिसला निघेपर्यंत जो वेळ हाती राहतो, त्यात मी लिहिते. कथा, आणि मुलांसाठी गोष्टी. गोष्टींचा पहिला श्रोता ईशान. त्याला कंटाळा आला की तो सरळ उठून जातो, मग तेवढा भाग मी पुन्हा लिहिते.

काका, तुम्ही कथा इतक्या आवडीने पाठवलीत, खूप बरं वाटलं. नाव तुमच्यापर्यंत यायच्या आधीच कुठेतरी गळलं. एक कळकळीची विनंती आहे सगळ्यांना: कुणाचंही लिखाण पुढे पाठवताना नाव राहू द्या. नाव गेलं की वाचकाला लेखकाकडे यायला वाटच उरत नाही. प्राचीने विचारलं आणि मी याच सोसायटीत राहते म्हणून तिला उत्तर मिळालं. इतर ग्रुपांवर कुणी हेच विचारलं असेल, तर ते माझ्यापर्यंत कधी येणारच नाही. दिवसभर घर, ऑफिस, मुलाचा अभ्यास सांभाळून लिहिणाऱ्या बाईला कुणीतरी वाचतंय एवढं कळणं फार मोठं असतं हो.

सावंत काका (ए-२०३): अगं, आपल्याच बिल्डिंगमधली लेखिका! त्या ग्रुपवर आत्ता नाव टाकतो.

देशपांडे सर (सी-१०४): वैदेही, अभिनंदन. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा मानतात. आमच्या तरुणपणी कथा आवडली की संपादकांच्या पत्त्यावर लेखकाला पोस्टकार्ड टाकायचो. नाव छापलेलं असायचं म्हणून ते जमायचं. मालतीबाई बेडेकरांनी १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने लिहिलं, कारण बायकांच्या मनातलं उघड बोलणं समाजाला झेपणारं नव्हतं. पण ते नाव झाकायचं, हे त्यांनी स्वतः ठरवलेलं होतं. आज ते दुसराच कुणीतरी परस्पर पुसून टाकतो.

निखिल (बी-३०२): पण ताई, कथा रजिस्टर केली नसेल तर कायद्याने हक्क असतो का?

अ‍ॅड. राणे (ए-७०१): असतो. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. लिहिलं की हक्क आपोआप येतो, नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं तो टिकतो. लेखक म्हणून आपलं नाव सांगण्याचा हक्क वेगळा, तो कथेचा कॉपीराइट विकला तरी जात नाही.

कुसुम आजी (ए-१०२): नात टाइप करतेय, मी सांगतेय. वैदेही, मी नौपाड्यात पाळणाघर चालवायचे. त्या मंगळवारी गाड्या बंद पडल्या आणि काही पोरं रात्रभर माझ्याकडेच राहिली. लाइट नव्हते. मऊ भात आणि मेतकूट कालवून भरवलं, सतरंजीवर ओळीने झोपवलं. एक सारखा दाराकडे बघायचा. तुझ्या गोष्टीतली आई दारात आल्या आल्या रडते. माझ्याकडे आलेली एकही रडली नाही बरं का. चिखलाने माखलेल्या, चपला हातात, आणि तोंडून पहिला शब्द ‘जेवला का?’ त्याला झोपलेला बघितल्यावर मग भिंतीला टेकून खाली बसायच्या.

वैदेही (बी-७०४): आजी, मी हे पुन्हा पुन्हा वाचतेय. मी तेव्हा डोंबिवलीला कॉलेजात होते, ऐकलेल्यावर लिहिलं. पाळणाघरातल्या मावशींची रात्र कथेत आलीच नाही. ती तुमच्याकडून ऐकायची आहे. येऊ का? लिहिलं तर आधी तुम्हाला वाचून दाखवीन. तुमचं नाव घालायचं की नाही, तेही तुम्हीच ठरवा.

प्राची (सी-६०१): आम्हालाही ऐकायचंय! माझी आई त्या रात्री घाटकोपरला अडकली होती, तिलाही आणते.

सेक्रेटरी: शनिवारी संध्याकाळी सोसायटी ऑफिस मोकळं आहे. खुर्च्या लावून ठेवतो.

कुसुम आजी (ए-१०२): ऑफिसात कशाला? जिने चढवत नाहीत मला. माझ्याकडे या सगळ्या, पोहे करते. आणि वैदेही, ईशानलाही घेऊन ये. कंटाळा आला की तो उठून जातो ना, मग माझी गोष्ट कशी होतेय ते मलाही कळेल.