एड शीरनच्या सुरुवातीच्या ईपी: आधी कोणती ऐकू?

पावसाळी_सूर: जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात यश लॉन्सला ब्रिटिश गायक एड शीरनला ऐकलं. एकटा माणूस, गिटार आणि पायाशी लूपर, म्हणजे वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारं यंत्र! नंतर मोठे अल्बम लावले, तर त्यातला भरगच्च वाद्यमेळ नकोसा वाटला. २०११ च्या 'प्लस' या अल्बमआधीच्या त्याच्या ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटे गाण्यांचे संच, आहेत, त्यांतली नुसती गिटार आणि गळा असलेली कोणती? मी मराठीत गाणी लिहिते, म्हणून शिकण्यासाठीही हवी आहे.

सहा_तारा: 'साँग्ज आय रोट विथ एमी'. दुसरा विचारच करू नका. एप्रिल २०१० मधली, पाचच गाणी. एड तेव्हा १९ वर्षांचा. सगळी गाणी वेल्समध्ये राहणाऱ्या गीतकार एमी वॅजबरोबर लिहिलेली. याच जोडीच्या 'थिंकिंग आउट लाउड'ला २०१६ साली साँग ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं, पण मला या ईपीतलं 'कोल्ड कॉफी' जास्त जवळचं आहे. सकाळची वेळ, एक जण आपल्या माणसाला थोडं थांब म्हणतोय, एवढाच ऐवज. तरी गाणं संपलं की पुन्हा लावावंसं वाटतं.

वाद्यं कमी असल्यामुळे कुठला शब्द ठेक्यावर पडतोय आणि कुठला मागे रेंगाळतोय, ते लख्ख ऐकू येतं. गाणी लिहिणाऱ्याने हेच कान देऊन ऐकावं. आपण चालीत बसवायच्या नादात ऱ्हस्व अक्षर उगाच ताणतो आणि शब्द परका वाटायला लागतो.

खर्जवाला: 'लूज चेंज' विसरू नका, तीही २०१० चीच. काही ठिकाणी बीट्स आहेत, पण 'द ए टीम' तिच्यातच आहे. बेघरांच्या निवाऱ्यात गायला गेला असताना तिथे भेटलेल्या बाईवरून त्याने ते लिहिलं. विषय व्यसनाचा, चाल इतकी हळुवार.

पावसाळी_सूर: 'कोल्ड कॉफी' ऐकलं, थेट आत गेलं. 'द ए टीम' वाजवून बघायचंय. अवघड आहे का? आणि 'नंबर ५ कोलॅबोरेशन्स' कशी आहे?

सहा_तारा: ती जानेवारी २०११ ची, रॅपर्सबरोबर केलेली. मोठ्या कंपनीशी करार नसताना ती आयट्यून्सवर दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. मोठीच गोष्ट, पण तुम्हाला हवंय ते तिच्यात नाही, नंतर ऐका. 'द ए टीम'साठी दुसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरच्या दुसऱ्या खणात) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावा आणि जी, डी, ई मायनर, सी, ए मायनर हे कॉर्डचे शेप धरा. बोटांनी छेडा, पिक नको. पट्टी जमत नसेल तर कॅपो सरकवून स्वतःच्या गळ्याची शोधा.