वर्षाची आवडती यादी: आधी कार्यक्रम की आधी अल्बम?

(चौघांची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

गंजगोलाई

डिसेंबर लागला, ‘यंदाचे दहा अल्बम’ सुरू झाले. मराठवाड्यातल्या स्वतंत्र संगीताची यादी करणार असाल तर माझी एक मागणी आहे: पहिला रकाना कार्यक्रमाचा ठेवा, दुसरा सुट्या गाण्याचा आणि अल्बम तिसरा.

आपल्याकडचं गाणं जागेसाठी बांधलं जातं. १४ एप्रिलचा चौक, १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, विद्यापीठाचं गेट, नवरात्रातलं तुळजापूर, माळेगावची यात्रा. भीमगीतवाले असोत, गोंधळी असोत की आज रॅप करणारी पोरं, गाणं कुठे वाढवायचं नि कुठे तोडायचं हे ते समोरच्या गर्दीकडं बघून ठरवतात. गोंधळाची लय संथ सुरू होते आणि चढत जाते. तेच स्टुडिओत ९६ बीपीएमच्या (मिनिटाला ९६ ठोके) एकसारख्या क्लिकवर बांधलं की चढ गेला, आणि चढ हाच तर त्या गाण्याचा अर्थ होता.

दुसरं कारण आवाजाच्या पातळीचं. डीजेच्या भिंतीवर दणकावं म्हणून मास्टर (गाण्याची अंतिम फाईल) उणे ७ लफ्सपर्यंत (ऐकू येणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) दाबतात. स्ट्रीमिंगवर ते आपोआप उणे १४ च्या आसपास खाली ओढलं जातं. म्हणजे मोठेपणा ७ डेसिबलनं गेला, आणि शिखरं कापणाऱ्या लिमिटरनं संबळाच्या काठीचा ‘टण्ण’ आधीच खाल्लेला. हातात उरतो चपटा आवाज. असल्या फायलीवरून वादकाची परीक्षा कशी करणार?

कार्यक्रमाला गुण देताना मी चार गोष्टी बघतो. शेवटच्या रांगेत शब्द कळतात का. स्वतःची गाणी किती. रॅपर नुसत्या वाद्यांच्या ट्रॅकवर गातो का पूर्ण आवाजाचा ट्रॅक मागं लावून ओठ हलवतो (ध्रुवपदाला दुहेरी आवाज असला तर चालेल, कडव्याला नाही). आणि वीज किंवा लॅपटॉप बंद पडला तर माणूस नुसत्या हलगीवर गाणं पुढं नेऊ शकतो का. चौथ्याला मी सगळ्यात जास्त गुण देतो.

गोदाकाठ

दादा, तुमचं कान देऊन ऐकणं मान्य, पण निष्कर्ष चुकायलाय. वाचकाला ऐकताच येणार नाही अशी यादी काय कामाची? लातूरच्या चौकात एक रात्र झालेला कार्यक्रम हिंगोलीच्या पोरानं कुठं शोधायचा? यादी वाचून माणसानं लगेच काहीतरी लावून ऐकावं, नाहीतर ती ऐकीव कौतुकाची वही होते.

आपल्या भागाचं नुकसान नेमकं इथंच झालंय. जलशांच्या, भारुडांच्या किती रात्री गेल्या, ध्वनिमुद्रण नाही. ज्यांच्या कॅसेटी निघाल्या त्यांचा आवाज आज कुणीतरी डिजिटल करू शकतो. निघाल्या नाहीत त्यांचं नावसुद्धा गावाबाहेर नाही. आणि २०२० साली काय केलं असतं? मार्चनंतर मांडवच उभे राहिले नाहीत. त्याच वर्षी मुंबईच्या स्वदेसी या रॅप गटाचा ‘चेतावनी’ अल्बम आला, मराठीसकट अनेक भाषांतला. तुमच्या पद्धतीनं त्या वर्षाचा पहिला रकाना कोरा.

लफ्सचा दोष अल्बमवर कामून टाकता? तो मास्टर करणाऱ्याचा आहे आणि सुधारता येतो. संबळ किंवा हलगी घेताना शिखर उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. माईक कातड्यापासून ३० ते ४५ सेंटीमीटरवर, थोडा तिरपा. कंडेन्सर माईक असेल तर त्याचं पॅड (आवाज आधीच कमी करणारं बटण) चालू. मिक्समध्ये संबळाच्या मोठ्या भांड्याचा आणि ८०८ बासचा (रॅपमधला इलेक्ट्रॉनिक खर्ज) गोंधळ होतो, कारण दोघंही १०० हर्ट्झच्या खाली-वर बसतात. एकाला तिथं ३ डेसिबल कापा किंवा संबळ वाजताच बास क्षणभर दबेल असा साइडचेन लावा. मास्टरला ट्रू पीक (आवाजाचं खरं शिखर) उणे १ डेसिबल, लफ्स उणे १४ ते उणे ११. डीजेसाठी वेगळी फाईल काढून द्या, तीच स्ट्रीमिंगला चढवू नका. एवढं केलं की ‘टण्ण’ जागेवर राहतो.

आणि अल्बम म्हणजे गाण्यांची गाठोडी नव्हे. ३५-४० मिनिटं एकाच माणसानं केलेला विचार असतो तो. ऊसतोडीच्या स्थलांतरावर एक गाणं सगळे करतात. मुकादमाची उचल, कोपी, फडावरची पहाट, परतीची ट्रॅक्टरट्रॉली असा सहा गाण्यांचा क्रम लावायला वेगळी ताकद लागते. ती चौकातल्या एका तासात कळत नाही.

खामकाठ

दोघांच्याही रकान्यांत हिशोब नाही. पोरं सुटी गाणी काढायलेत ती आळसानं नाही.

स्पॉटिफायवर २०२४ पासून नियम असा: एखाद्या ट्रॅकला मागच्या १२ महिन्यांत १,००० प्ले झाले नाहीत तर त्या ट्रॅकचे पैसे नाहीत. प्ले मोजला जातो ३० सेकंदांनंतर. आता दहा गाण्यांचा अल्बम घ्या, एकूण प्ले ९,०००. लोक पहिली तीन गाणी ऐकतात, उरलेली सात ४००-५०० वर अडकतात. त्या सातांचे जवळपास ३,००० प्ले फुकट. तेच ९,००० एका गाण्याला असते तर सगळे मोजले असते. शिवाय प्लेलिस्टसाठी संपादकांकडे गाणं पाठवायचं ते प्रसिद्धीच्या किमान ७ दिवस आधी, आणि एका वेळी एकच. अख्खा अल्बम एकदम टाकला की नऊ गाणी त्या दारापर्यंत पोचतच नाहीत.

म्हणून रीत अशी पडलीय: दर पाच-सहा आठवड्यांनी एक गाणं, आणि शेवटी तीच गाणी अल्बमात. इथं एक चूक सर्रास होते. अल्बम चढवताना वितरक नवा आयएसआरसी (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा ओळख-कोड) देतो, आणि जुने प्ले जुन्या नोंदीवरच राहतात. १२ अक्षरांचा तो जुना कोड लिहून ठेवा, अल्बमला तोच द्या, ऑडिओ फाईलही तीच ठेवा. नवं मिक्स केलं असेल तर मात्र नवा कोडच पाहिजे.

आणि परिणाम बघायचा तर सुट्या गाण्याचाच बघा. २०२३ च्या एप्रिलमध्ये संभाजीनगरच्या एका रॅपरवर एका गाण्यापायी गुन्हा दाखल झाला, राज्यभर चर्चा झाली. मागं अल्बम नव्हता, फक्त मोबाईलवर फिरणारा व्हिडिओ. यादीत पहिला मान गाण्यालाच.

बालाघाट

गंजगोलाई दादा, मंचामागून सांगते. तुमच्या यादीत कलावंताला नाही, साउंडवाल्याला गुण मिळतील.

शेवटच्या रांगेत शब्द कळत नाहीत याची कारणं बघा. मंगल कार्यालय: वर पत्रा, खाली फरशी, चारी बाजूंना प्लास्टर. मुख्य स्पीकर गायकाच्या मागं ठेवलेले, म्हणजे ते सरळ माईकमध्ये ओरडतात. मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) कुठंही. कार्डिऑइड (समोरचं ऐकणाऱ्या) माईकला मॉनिटर बरोबर पाठीमागं पाहिजे; सुपरकार्डिऑइड (त्याहून अरुंद ऐकणारा) असेल तर थोडा बाजूला सरकवून, साधारण १२५ अंशांवर. आवाजावर ८०-१०० हर्ट्झखाली कट नाही, म्हणून ‘प’ आणि ‘भ’ धडाधड फुटतात. यातलं काहीच गाणाऱ्याच्या हातात नाही.

एक मात्र त्यांच्या हातात आहे आणि तिथंच रॅपर हमखास चुकतात: माईकची जाळी मुठीत धरणं. मागची छिद्रं बंद झाली की माईक चारी बाजूंनी ऐकायला लागतो, शिट्टी सुरू होते, साउंडवाला घाबरून फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ओढतो, आणि लोक म्हणतात पोराचा आवाजच बारीक. मूठ दांड्यावर, जाळी मोकळी, ओठांपासून दोन बोटं. याचे गुण कापा, खुशाल कापा.

विजेचं तर विचारू नका. १५ केव्हीएचा जनरेटर म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टर धरून १२ किलोवॅट. त्यावर एलईडी, धुराचं यंत्र, कुलर आणि साउंड एकाच फेजवर टाकतात. मग लॅपटॉपच्या लाइनीत ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण येते. कुणीतरी हुशारी करून प्लगची अर्थिंगची पिन काढतो. हे करू नका, ओल्या मंचावर जीव जाईल. लाइट एका फेजवर, साउंड दुसऱ्यावर, आणि लॅपटॉप-मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स (गुणगुण अडवणारी छोटी जोडपेटी) घेऊन त्याचं ग्राउंड लिफ्ट बटण दाबा.

आणि वेळ. पत्रिकेवर ७, दीपप्रज्वलन ८ ला, सत्कार-हारतुरे सव्वानऊपर्यंत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० नंतर उघड्यावर भोंगा बंद. मध्यरात्रीपर्यंतची सूट वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, तीही सरकारनं आधी ठरवलेल्या सणांना. म्हणजे दीड तासाचा संच आणलेल्या गटाला कधी कधी ४० मिनिटं मिळतात, आणि शेवटची चढती गाणीच कापली जातात. तुम्ही त्या ४० मिनिटांवरून त्यांचं वर्ष ठरवणार?

गंजगोलाई

ताई, साउंडचा मुद्दा मानला. शेवटच्या रांगेचा निकष मागं घेतो. त्याऐवजी माईकची शिस्त आणि उच्चार धरतो. वेळेचं मात्र उलटं बघतो. ४० मिनिटं मिळाल्यावर कोणती तीन गाणी ठेवली आणि कोणती सोडली, यावरून गटाची समज कळते. अल्बममध्ये ती कसोटी कुठं आहे?

खामकाठ, तुमच्या हिशोबात एक खोट आहे. जे गाणं ३० सेकंदांवर मोजतात ते ३० सेकंदांसाठीच लिहिलं जायला लागलंय. ध्रुवपद आधी, आलाप नाही, नमन नाही. गोंधळात आधी गण, मग देवदेवतांना आवाहन, मग कथा. ते सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात कोंबणार? तुमच्या सोयीचं गाणं वर आलं की आपली बांधणीच खाली जाते.

खामकाठ

नमन ठेवा की. दोन आवृत्त्या काढा: लहान सुटं गाणं आणि अल्बममधलं पूर्ण, दोन्हीला स्वतंत्र कोड. आणि ३० सेकंदांत गाणं पकडतं म्हणजे ते हलकं असं कामून धरायचं? २०२४ ची ‘तांबडी चामडी’ मराठीत हाउस संगीतावर (क्लबमधलं नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत) आली आणि मराठी न कळणारेही त्यावर नाचले. पकड आणि मातीचं वैर नाही.

गोदाकाठ

वर्ष कुठून कुठं धरायचं हे कुणीच बोललं नाही. याद्या नोव्हेंबरच्या शेवटी लिहिल्या जातात. माळेगावची यात्रा डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर, नामविस्तार दिन जानेवारीत. म्हणजे आपला सगळ्यात दाट हंगाम जुन्या यादीतही नसतो आणि नव्या यादीपर्यंत विसरला जातो. कार्यक्रमांची यादी करायचीच तर १ फेब्रुवारी ते ३१ जानेवारी असं वर्ष धरा. एप्रिलची जयंती, नवरात्र, यात्रा, १४ जानेवारी, सगळं एका वर्षात बसतं.

आणि ऋतूचाही विचार करा. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात चामडं आवळतं, संबळाचा स्वर चढतो. पावसाळ्यात ओलीनं उतरतो, हलगी दर दोन गाण्यांनी शेकावी लागते. लॅपटॉपचा ट्रॅक एका पट्टीत गोठलेला असतो, तुणतुण्याची तारही रात्री गार वाऱ्यात वर जाते. मे आणि ऑगस्टचा एकच गट दोनदा ऐकून ‘यांचा सूर बिघडला’ लिहिणारे भेटतात. ट्रॅक अर्ध्या स्वरानं वरखाली करायची सोय लॅपटॉपवर तयार ठेवली का, हे बघून लिहा.

बालाघाट

मग मधला रस्ता कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणाचा आहे, पण मोबाईलचा नाही. मोबाईल आपोआप गेन (आवाज घेण्याची पातळी) कमीजास्त करतो: संबळाचा ठोका पडला की सगळं दाबतो, पुढचे दोन शब्द बुडतात.

साधा हँडी रेकॉर्डर, गेन हातानं, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट. स्टिरिओत तासाला साधारण १ जीबी. मिक्सरच्या रेकॉर्ड-आउटमधून एक जोडी घ्या. ती एकटी पुरत नाही, कारण हलगी-संबळ मंचावर मुळातच मोठे, मिक्सरमध्ये त्यांचा फेडर जवळजवळ खालीच असतो; त्या लाइनीत नुसता गायक येतो. म्हणून दुसरा रेकॉर्डर गर्दीत, मंचापासून १५ मीटरवर, डोक्यांच्या वर. तिथं आवाज सुमारे ४३ मिलिसेकंद उशिरा पोचतो. सुरुवातीला मंचावरून एक टाळी वाजवा, दोन्ही फायलींत ती टाळी जुळवा. गर्दीची फाईल १० ते १२ डेसिबल खाली ठेवून मिसळा. दोन वेगळे रेकॉर्डर तासाभरात थोडे सरकतात, तेव्हा शेवटीही एक टाळी घ्या आणि मधे ताणून बसवा.

पारंपरिक पद घेतलं असेल तर अडचण नाही. पण एखाद्या शाहिराची रचना गायली असेल तर तो जाऊन ६० वर्षं झाली का ते तपासा, नाहीतर वारसांची परवानगी. स्वतःची रचना असेल तर आयपीआरएस या मानधन गोळा करणाऱ्या हक्कसंस्थेत गीतकार-संगीतकार म्हणून नोंद करून मगच प्रसिद्ध करा.

गोदाकाठ

असं मुद्रण आलं तर मी यादीत पहिल्या पाचांत घ्यायला तयार आहे. पण मग तो अल्बमच झाला, अल्बमच्याच रकान्यात लिहीन.

गंजगोलाई

लिहा. फक्त नावापुढं गाव आणि तारीख पाहिजे, आणि टाळ्या, शिट्ट्या, मधेच थांबून केलेलं बोलणं कापायचं नाही.