माळ्यावर दादाचं २०१३ चं मायनिंगचं मशीन सापडलंय, काय करू?

ठाकूरद्वारची_ताई

नमस्कार मंडळी. आमची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेलीय. महिनाअखेर खोली रिकामी करून द्यायची, म्हणून रोज संध्याकाळी माळा उपसणं चालू आहे. काल पितळी हंडे निघाले, आजोबांची ट्रंक निघाली आणि तिच्या मागे दादाचं यंत्र. दुधाच्या पिशव्या येतात ना, तो निळा प्लास्टिकचा क्रेट. तळाला मदरबोर्ड, वर आडव्या पट्टीला तारेने बांधलेली दोन ग्राफिक्स कार्डं, बाजूला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. हार्ड डिस्क मात्र काढून वेगळ्या पिशवीत घातलेली, ५०० जीबीची. पिशवीवर दादाच्या अक्षरात "फेकू नये".

२०१३ च्या जूनपासून डिसेंबरपर्यंत दादा घरात कॉइन काढत होता, म्हणजे मायनिंग: कॉम्प्युटरला सतत गणितं सोडवायला लावून डिजिटल नाणी मिळवायची. बिटकॉइन नव्हे, लिटकॉइन आणि त्या काळातली आणखी दोन-चार नावं. त्याच्या आदल्या वर्षी बाबांची रिटायरमेंटची रक्कम एका सहकारी बँकेत अडकली होती. पासबुकात आकडा दिसतोय पण हातात येत नाही, असं दोन वर्षं चाललं. दादाच्या डोक्यात तेव्हाच शिरलं की साहेबाच्या सहीपेक्षा गणितावर विश्वास ठेवलेला बरा. पुढे त्याने काही कॉइन ज्या परदेशी एक्स्चेंजवर, म्हणजे कॉइन खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर, ठेवले, ते २०१४ मध्ये एका रात्रीत गायब झालं. त्यानंतर घरात हा विषय काढायची सोय राहिली नाही.

दादा सध्या जहाजावर आहे, नेट मिळेल तेव्हा बोलतो. त्याचं उत्तर आलं: "असतील थोडे लिटकॉइन. पासवर्ड आठवत नाही. भंगारात दे."

मला विचारायचंय की डिस्क लावून बघू का, आणि कुणाकडून? काही निघालंच तर पुढे काय करायचं? शेजारचा पिंट्या म्हणतो तेच मशीन परत चालू कर, कॉइन पडतील. पडतात का?

खडूस_गिरगावकर

आधी पिंट्याला माळ्यावर ठेवा आणि मशीन खाली आणा.

कोळसा_तेरा

ताई, काहीही करा पण तो क्रेट प्लगला लावू नका! बारा-तेरा वर्षं मुंबईच्या दमट हवेत पडलेला एसएमपीएस आहे. तो चालू होताना मेला तर एकटा मरणार नाही, डिस्कला घेऊन जाईल. तुमचं जे काही आहे ते डिस्कमध्ये आहे, क्रेटमध्ये नाही.

डिस्क तशीच राहू द्या. लॅमिंग्टन रोडवर साटा टू यूएसबी अडॅप्टर मिळेल. स्वतंत्र पॉवर असलेलाच घ्या, कारण मोठी साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीच्या करंटवर फिरत नाही. जोडल्यावर फोल्डर उघडत बसायचं नाही. सगळ्यात आधी अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, दुसऱ्या डिस्कवर उतरवायची, लिनक्समध्ये डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम आहे त्याने. जुनी डिस्क कधीकधी एकदाच नीट वाचू देते. मग इमेजमध्ये वॉलेट.डॅट नावाची फाइल शोधा, कॉइनच्या किल्ल्या त्यातच असतात. विंडोज ७ असेल तर युजरच्या अ‍ॅपडेटामध्ये, रोमिंगखाली, लिटकॉइन नावाच्या फोल्डरात. अ‍ॅपडेटा लपवलेला असतो, आधी हिडन फोल्डर दाखवायचं सेटिंग चालू करा.

सापडली की दोन पेनड्राइव्हवर उतरवा. व्हॉट्सअ‍ॅप नाही, ईमेल नाही, ड्राइव्हवर तर अजिबात नाही.

आणि पासवर्डची चिंता आत्ताच नको. वॉलेटला कुलूप असलं तरी आतले पत्ते, म्हणजे खातेक्रमांकासारखे, दिसतात. कुलूप फक्त खाजगी किल्ल्यांना असतं, ज्यांच्याशिवाय कॉइन हलवता येत नाहीत. त्या काळचे लिटकॉइनचे पत्ते इंग्रजी एल अक्षराने सुरू होतात. तो पत्ता ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे सगळे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर, टाकला की किती आले, किती गेले, सगळं उघड. रिकामा निघाला तर पुढची मेहनतच वाचली.

ठाकूरद्वारची_ताई

काका की दादा माहीत नाही, पण खूप आभार. तुम्हीही करत होता का हे?

कोळसा_तेरा

काकाच म्हणा. करत होतो म्हणजे काय! परळला दहा बाय बाराच्या खोलीत. दोन रेडिऑन ७९५०, त्याही लॅमिंग्टनच्याच, दुकानदार म्हणाला "एवढे गेम खेळता साहेब?" कार्डं ८० अंशांवर, समोर टेबल फॅन, जून महिना. पावसात कपडे वाळत नाहीत ना, आमच्याकडे वाळायचे. क्रेटच्या मागे दोरी बांधून बनियन टाकायचो, तासात कडक. बायको म्हणायची की तुमच्या नाण्यांचं माहीत नाही, पण हे यंत्र राहू दे.

हिशेब सांगतो. अख्खं मशीन ६०० वॉट खायचं. दिवसाला १४.४ युनिट, महिन्याला ४३२. युनिटला साडेसात रुपये धरा, ३२४० रुपये नुसते लाइट बिलाचे. एकदा शेजारच्या इस्त्रीबरोबर मजल्याचा किटकॅट फ्यूज उडाला आणि चाळकमिटीत माझ्या नावाने ठराव झाला.

बिटकॉइन का नाही, तर तोपर्यंत बिटकॉइनसाठी खास चिपची मशीनं आली होती, ग्राफिक्स कार्डाने करणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. लिटकॉइन २०११ च्या ऑक्टोबरात चार्ली ली याने काढला. त्यातलं स्क्रिप्ट नावाचं कोडं मेमरी जास्त मागतं, त्यामुळे घरगुती माणसाला अजून जागा होती. नवा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, अडीच मिनिटांनी, बक्षीस तेव्हा ५० लिटकॉइन, अर्थात पूलमधल्या, म्हणजे मिळून काढणाऱ्या, सगळ्यांत वाटून. आमच्या ताटात शितं यायची. मग २०१४ मध्ये स्क्रिप्टचीही खास मशीनं निघाली आणि आमच्यासारख्यांचं दुकान आटोपलं.

पिंट्या_नव्हे_प्रशांत

तो पिंट्या मीच आहे. डोजकॉइन तरी काढता येईल ना?

कोळसा_तेरा

प्रशांत, डोजकॉइन २०१३ च्या डिसेंबरात बिली मार्कस आणि जॅक्सन पामर यांनी थट्टा म्हणून काढला. पहिले काही महिने खरंच मजा होती, जमैकाच्या बॉबस्लेड संघाला सोचीच्या ऑलिंपिकला पाठवायला लोकांनी त्यात वर्गणी काढली होती. पण तोही स्क्रिप्टवरच चालतो, २०१४ पासून लिटकॉइनबरोबर एकाच कष्टात निघतो. म्हणजे तुझ्यासमोर तीच मोठी मशीनं. इथेरियमने तर सप्टेंबर २०२२ मध्ये मायनिंगच बंद केलं. ताईच्या कार्डांवर आज जे पडेल ते बिलाच्या पासंगालाही पुरणार नाही.

खडूस_गिरगावकर

मला एक कळत नाही. बँकेवर विश्वास नाही म्हणून हा खटाटोप, आणि मग कॉइन ठेवले कुठे, तर परदेशातल्या कुणा अनोळखी माणसाच्या वेबसाइटवर? आमच्या हिने तीस वर्षं भिशी चालवली. बारा बायका, एक वही, कुणी हप्ता चुकवला तर संध्याकाळी नळावर गाठ आहेच. कुणाचा रुपया बुडाला नाही.

१९७८ साली हजाराच्या नोटा रद्द झाल्या, आमच्या चाळीत कुणाला फरक पडला नाही, कारण हजाराची नोट कुणी पाहिलीच नव्हती. २०१६ ला मात्र हिच्या डब्यातल्या पाचशेच्या नोटा घेऊन मीच रांगेत उभा होतो. तेव्हा रागावलो नव्हतो असं नाही. पण म्हणून मी दुधाचा क्रेट विकत घेतला नाही.

अर्धवट_अर्थतज्ज्ञ

आजोबा, मूळ कल्पनेत एक्स्चेंज नव्हतंच. बिटकॉइनच्या ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकमध्ये लंडनच्या 'टाइम्स'चा त्या दिवशीचा मथळा घातलेला आहे, बँकांना दुसऱ्यांदा सरकारी पैसा देऊन वाचवण्याबद्दलचा. रोख कुणावर होता ते स्पष्ट आहे. २ कोटी १० लाखांच्या वर नाणी निघणार नाहीत, कुणा गव्हर्नरला जास्त छापता येणार नाहीत. किल्ली तुमच्याकडे, पैसा तुमचा. लोकांनी मात्र सोय बघितली. टोकियोच्या माउंट गॉक्सवर २०१४ च्या फेब्रुवारीत साडेआठ लाख बिटकॉइन गहाळ झाल्याचं जाहीर झालं. नंतर त्यातले दोन लाख सापडले. बँक नको म्हणत निघालेली माणसं विमा नसलेल्या बँकेत जाऊन बसली होती.

आपल्याकडे निदान ठेवींना विमा आहे. १९९३ पासून १ लाखच होता, फेब्रुवारी २०२० मध्ये ५ लाख झाला. ताईंच्या बाबांना तो वाढीव उपयोगी पडला नाही हे खरं.

खडूस_गिरगावकर

किल्ली तुमच्याकडे म्हणता, आणि ज्याच्याकडे आहे तो बोटीवर बसून "आठवत नाही" म्हणतोय.

ठाकूरद्वारची_ताई

थांबा थांबा, भांडू नका 😄 बातमी आहे. मामेभावाने इमेज काढली, नऊ तास लागले, मध्ये डिस्क कुरकुरत होती. वॉलेट.डॅट सापडली! पत्ता एक्सप्लोररवर टाकला. २०१३ च्या जुलैपासून बारीक बारीक जमा, शेवटची नोंद २७ डिसेंबर २०१३. शिल्लक २६ लिटकॉइनच्या थोडी वर. एकदाही काही बाहेर गेलेलं नाही. कुलूप आहे.

आणि हे लिहिल्यावर दहा मिनिटांत एकाचा खाजगी निरोप आला, "आम्ही रिकव्हरी करतो, फाइल पाठवा, २० टक्के घेऊ".

कोळसा_तेरा

पाठवली नाहीत ना??

ठाकूरद्वारची_ताई

नाही हो काका. तुमचा पहिला प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावलाय.

हिशेबनीस

उशिरा आलो, पण कराचं सांगून जातो. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के, वर उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. तोटा कशातूनही वजा होत नाही. २०१४ ला बुडालेल्या एक्स्चेंजचं रडगाणं इथे चालणार नाही. फक्त खरेदीची किंमत वजा होते, आणि मायनिंगच्या मशीनचा खर्च खरेदीची किंमत धरणार नाही, असं सरकारने संसदेत सांगितलेलं आहे. कार्डं, लाइट बिल, टेबल फॅन, सगळं विसरा.

कॉइन दादाचे आहेत, विकायचे तर दादाच्या नावाने, त्याच्या पॅनवर, एफआययूकडे (मनी लाँडरिंगवर नजर ठेवणारं सरकारी खातं) नोंदणी असलेल्या भारतीय एक्स्चेंजवर. ताई, तुमच्या खात्यातून विकून त्याला पैसे देऊ नका, नोटीस तुम्हाला येईल. १ टक्का टीडीएस आहे, तो रहिवाशांसाठी. दादा बोटीवर वर्षाचे १८२ दिवसांहून जास्त असेल तर रहिवासी की अनिवासी हा त्याचा दर्जा आधी तपासा, मग विक्री. सीएला एकदा भेटा. मला नको, पण कुणालातरी भेटा.

बाकी डिसेंबर २०१३ मध्ये त्याने का थांबवलं असेल याचा अंदाज आहे. २४ डिसेंबरला रिझर्व्ह बँकेने जाहीर इशारा दिला होता, तेव्हा माझ्या दोन अशिलांनीही घाबरून मशीनं बंद केली. पुढे ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेने बँकांनाच या व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं, ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं. त्यामुळे ठेवणं, विकणं यात आज गुन्हा नाही.

ठाकूरद्वारची_ताई

दादाचा फोन आला होता, सिंगापूरजवळ होते. २६ आकडा ऐकून दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, "पासवर्ड आईच्या वहीत असेल."

कसली वही, तर भिशीची! (खडूसकाका, हसू नका.) म्हणे घरातली हीच एक वस्तू कुणी कधी फेकणार नाही अशी खात्री होती. वही ट्रंकेत निघाली. मागच्या पानावर आईचं मेथकुटाचं प्रमाण, खाली दादाच्या बारीक अक्षरात इंग्रजीत एक लांबलचक ओळ. पण पानाचा उजवा कोपरा फाटलेला. आईला विचारलं. ती म्हणाली, "दळणाची चिठ्ठी लिहून दिली असेन."

दादाला एवढंच आठवतंय की शेवटी चार आकडे होते. कुठले, ते नाही.

कोळसा_तेरा

अहो, मग काम झालं! चार आकडे म्हणजे ०००० ते ९९९९, दहा हजार शक्यता. बीटीसीरिकव्हर नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, लिटकॉइनच्या वॉलेटवरही चालतो. वॉलेटचं कुलूप मुद्दाम हळू उघडेल असं केलेलं असतं, पण दहा हजार काही फार नाहीत. मामेभावाला सांगा, प्रोग्रॅम उतरवून झाला की नेट बंद, वायफाय बंद, आणि फाइलच्या नकलेवरच चालवायचा. दादाच्या ओळीतली मोठी-लहान अक्षरं जशी आहेत तशी. 'ओ' आहे की शून्य, अशी शंका असेल तर दोन्ही द्या.

उघडलं की कॉइन त्याच वॉलेटमध्ये ठेवू नका. नवं वॉलेट, वॉलेट परत मिळवायचे नवे बारा किंवा चोवीस शब्द, ते कागदावर. आधी अर्धा कॉइन पाठवून बघा, पोचला की बाकीचे.

आणि कागद दोन ठिकाणी ठेवा. एक वाटल्यास आईकडे, पण दळणाला जाणार नाही असा.

खडूस_गिरगावकर

मी हसलो नाही. हिला वाचून दाखवलं, ती हसली.

ठाकूरद्वारची_ताई

उघडलं!!! अर्धा तासही लागला नाही. चार आकडे म्हणजे बाबांच्या अडकलेल्या खात्याच्या नंबरातले शेवटचे चार निघाले. दादाला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हो, तेच असणार," आणि विषय बदलला.

कॉइन नव्या वॉलेटमध्ये हलवले. विकायचे की नाही ते दादा सुट्टीवर आल्यावर, सीएकडे जाऊन. डिस्कवर आणखी दोन फाइली आहेत, फेदरकॉइन वगैरे. त्यासाठी वेगळा धागा काढेन.

कार्डं कुणाला हवी असतील तर गिरगावातून फुकट घेऊन जा, २८ तारखेच्या आत. फक्त क्रेट मिळणार नाही. काल जिन्यात ठेवला होता तो दूधवाल्या काकांनी ओळखला, बारा वर्षं शोधतोय म्हणाले, आणि घेऊन गेले.