अनुभव धागा: बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन बंद पडलाय, नेमकं कुठे बघायचं?

एक्झॉस्ट बंद पडला की घरात दोनच वाक्यं ऐकू येतात: ‘मोटर गेली’ आणि ‘आता नवीनच घ्या’. सहा इंची पंख्यात बिघडण्यासारखं असतं तरी किती? बटण, दोन वायरी, कॉइल, शाफ्ट, दोन बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो त्या कड्या), असला तर एक कंडेन्सर, आणि मागच्या झडपा. ज्यांचे हात या कामात काळे झाले आहेत त्यांनी लिहा: लक्षण काय, आत काय सापडतं, पार्ट कोणता. ‘आमच्या शेजाऱ्यांकडे एकदा’ छापाचे किस्से दुसरीकडे.

वायरमन

एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) खाली केल्याशिवाय पंख्याला हात लावायचा नाही. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर घातलेलं सर्रास सापडतं. मग बटण बंद, पंखा थांबलेला, आणि टर्मिनलवर फेज मात्र जिवंत. त्यात फरशी ओली आणि स्टूल लोखंडी.

सप्लाय बघताना एकट्या टेस्टरवर विसंबू नका. टेस्टर फक्त फेज दाखवतो; न्यूट्रल तुटलेला असला तरी तो ऐटीत पेटतो. होल्डरमध्ये जुना पिवळा बल्ब लावून त्याच्या दोन वायरी पंख्याच्या जोडणीला लावा, मग एमसीबी वर करा. बल्ब पूर्ण पेटला तर सप्लाय ठीक, दोष पंख्यात. एलईडी बल्ब यासाठी नको, तो गळतीच्या करंटवरही मिणमिणतो आणि फसवतो.

बल्ब पेटलाच नाही तर तीन जागा बघा. बटणाच्या मागचा ढिला स्क्रू, व्हेंटिलेटरजवळचा थ्री पिन, आणि पंख्याच्या पाठीवरचा कनेक्टर. थरथरीमुळे वायर नेमकी कनेक्टरच्या तोंडाशी तुटते आणि वरून आवरण शाबूत दिसतं. एमसीबी पुन्हा खाली करून वायर दोन बोटांत धरून हलकी ओढा, तुटलेली असेल तर आवरण रबरासारखं ताणलं जातं.

मीटरवाली

सप्लाय येतोय म्हटल्यावर बटण चालू करून कान द्या.

अजिबात आवाज नाही: वायर, थर्मल फ्यूज (कॉइल फार तापली की उडणारा) किंवा कॉइल तुटलेली.

‘घूं’ आवाज येतो पण पाती हलत नाही: कंडेन्सर उतरलाय किंवा शाफ्ट जाम आहे. एमसीबी खाली करून बोटाने पाती फिरवा. सहज फिरून दोन-चार वेढे घेत असेल तर कंडेन्सर, चिखलात फिरवल्यासारखी जड असेल तर बुश. चालू पंख्याला बोटाने ढकलून बघू नका. ढकलायचंच तर जाळीतून लाकडी पट्टीने.

कंडेन्सरवर जो आकडा छापलाय तोच आणा. २.५ मायक्रोफॅरडचा मीटरवर २ च्या खाली दिसला की बदलायचा. हा प्लास्टिक फिल्मचा कंडेन्सर सहसा फुगत-बिगत नाही, आतून हळूहळू झिजत जातो. म्हणून पंखा एकदम मरत नाही. आधी वेग कमी होतो, मग रात्री व्होल्टेज उतरलं की सुरूच होत नाही, सकाळी पुन्हा चालतो. लोकांना वाटतं बटण खराब. वेग वाढावा म्हणून मोठा कंडेन्सर घालण्याचा सल्ला मिळेल, ऐकू नका, स्टार्टिंगची कॉइल तापून जळते. मोजण्याआधी कंडेन्सरची दोन्ही टोकं बल्बच्या वायरींनी जोडून रिकामा करा.

आणि हो, प्लास्टिकच्या कित्येक छोट्या पंख्यांत कंडेन्सर नसतोच. त्यात शेडेड पोल मोटर असते, म्हणजे पोलाच्या एका कोपऱ्यावर तांब्याचं जाड कडं बसवलेलं. कंडेन्सर दिसत नाही म्हणून कोणी काढून नेला अशी शंका नको.

कॉइलवाला

बुश जाम होण्याचं कारण नुसती धूळ नाही. टॉवेलचे तंतू, टाल्कम पावडर आणि वाफ मिळून एक करडी खळ तयार होते, ती शाफ्टला वेढते आणि बुशमधलं तेल शोषून घेते. पाती काढून बघा, शाफ्टच्या मुळाशी काळपट कडं दिसेल.

पाती काढताना घाई नको. मधली टोपी बऱ्याच पंख्यांत उलट्या आट्यांची असते. सवयीने डावीकडे फिरवली तर आणखी आवळते आणि मग तुटते. टोपीवर बहुधा बाण असतो, तो वाचा. लोखंडी पंख्यात पातीच्या बुडाशी छोटा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) असतो. गंजलेला असेल तर तेल टाकून अर्धा तास सोडा.

शाफ्ट रॉकेलच्या फडक्याने पुसून, सुकवून, प्रत्येक बुशला शिवणयंत्राच्या तेलाचे २-३ थेंब. बुशला वेढलेली नमद्याची (फेल्टची) चकती ते धरून ठेवते. खोबरेल तेल घालू नका, थंडीत गोठतं आणि पुढे चिकट होतं. गंज सोडवायचा स्प्रे साफसफाईला चांगला, वंगण म्हणून नाही. तो उडून जातो आणि आठवड्यात पंखा परत रडतो. तेल घालूनही शाफ्ट बोटाने आडवा हलत असेल तर बुश झिजला. तो बदलायचा, तेल वाढवायचं नाही.

जाम पंखा तसाच चालू ठेवला तर पुढचं नुकसान ठरलेलं. सहा इंची पंखा ३०-४० वॅटचा. तो अडकला तरी करंट इतका वाढत नाही की ६ अँपिअरची एमसीबी पडेल. कॉइल आत शिजत राहते. त्यासाठीच बऱ्याच पंख्यांत वाइंडिंगवर (म्हणजे कॉइलवर) टेपखाली थर्मल फ्यूज दडवलेला असतो. तो एकदाच उडतो, परत जुळत नाही. मीटरवर कॉइल तुटलेली आली तर टेप उकलून आधी फ्यूज बघा. बदलताना त्यावर छापलेल्या तापमानाचाच घ्या, आणि त्याची टोकं डाग देऊन (सोल्डर करून) जोडू नका, डागण्याच्या उष्णतेनेच तो उडतो. दाबून बसवायची नळी वापरा. फ्यूज काढून वायर थेट जोडणारे कारागीर आहेत. बंद प्लास्टिकच्या डब्यात हे करणं म्हणजे आगीला पत्रिका देणं.

कंडेन्सरच्या मोटरला तीन वायरी: रनिंग कॉइलची, स्टार्टिंग कॉइलची, आणि दोन्हींची सामाईक म्हणजे कॉमन. समजा कॉमन ते रनिंग १८० ओहम आणि कॉमन ते स्टार्टिंग २२० आला, तर उरलेल्या जोडीत ४०० यायला हवा. बेरीज जुळली नाही तर वाइंडिंग गेलं. सहा इंचीचं रिवाइंडिंग (कॉइल नव्याने गुंडाळणं) मी तरी सुचवत नाही, मजुरीत अर्धा नवा पंखा येतो. बारा इंची लोखंडी असेल तर जरूर करा.

नवशिका

पंखा खोलून साफ करून परत लावला. जोरात फिरतोय, पण मागच्या झडपा उघडतच नाहीत. काय चुकलं?

कॉइलवाला

उलटा फिरतोय. जाळीजवळ उदबत्ती धरा, धूर तुमच्याकडे येत असेल तर नक्की. कंडेन्सरची मोटर असेल तर रनिंग आणि स्टार्टिंगची अदलाबदल झाली. शेडेड पोल असेल तर पत्र्यांचा गठ्ठा पाठपोट बसवलात. उघडून फिरवून बसवा. खोलण्याआधी मार्करने एक रेघ मारली असती तर ही वेळ आली नसती.

डक्टवासी

‘बंद पडला’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत बरेच पंखे चालूच असतात, हवा जात नसते. झडपांच्या खिळ्यांत तेच तंतू अडकतात, किंवा सोसायटीच्या रंगकामात डक्टच्या बाजूने झडपाही रंगवून चिकटवलेल्या असतात. दुसरं म्हणजे कबुतरं. डक्टमध्ये काड्या आणि तारांचे तुकडे थेट झडपेवर रचलेले असतात. ती सुकी घाण झाडू नका. मास्क लावून, पाणी मारून, ओली करून काढा. बाहेरून अर्ध्या इंचाची जाळी लावा. मच्छरजाळी नको, महिन्याभरात बुजते.

आणि हवा बाहेर जायची तर आत कुठून तरी यायला हवी. ५×७ फूट, ९ फूट उंच बाथरूम म्हणजे ३१५ घनफूट, जेमतेम ९ घनमीटर. तासाला दहा वेळा हवा बदलायची तरी ९० घनमीटर पुरे, आणि सहा इंची पंखा हे आरामात करतो. तरीही आरसा धुरकट राहत असेल तर मोठा पंखा आणण्याआधी दाराखाली बघा. तिथे अर्धा-पाऊण इंच फट नसेल, किंवा कोणी रबरी पट्टी चिकटवली असेल, तर बारा इंचीही नुसता भिरभिरेल.

खारेवारे

किनारपट्टीवरची भर. इथे लोखंडी पंख्याचा ग्रब स्क्रू आणि कनेक्टर आधी जातो, मोटर नंतर. पावसाळ्यात वाऱ्याच्या बाजूच्या पंख्यात पाणी शिरलं की आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) पडते, आणि अख्ख्या घराची वीज जाते. पंख्याची पिन काढून आरसीसीबी टिकतेय का बघा. टिकली तर पंखा दोन दिवस कडक उन्हात ठेवा, मग ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) कॉइल ते बॉडी निदान १ मेगाओहम यायलाच हवा. ‘सारखी पडते’ म्हणून अर्थिंगची वायर काढणं किंवा आरसीसीबीला वळसा घालणं, हे करू नका. ती पडते तेव्हा तिचं काम करत असते.

वायरमन

एक राहिलं. बाथरूमच्या आत गॅस गीझर असेल तर पंखा दुरुस्त होईपर्यंत तो लावूच नका. खरं तर पंखा चालू असतानाही नको. गॅस गीझर खोलीतली हवा जाळतो, ती कमी पडली की तयार होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बंद दाराआड भोवळ येईपर्यंत काही कळत नाही. गीझर बाहेर, उघड्यावर, आत फक्त गरम पाण्याचा पाइप.

मीटरवाली

बंद करताना कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने कंडेन्सरचा आकडा, तेल घातल्याची तारीख आणि टोपी कोणत्या बाजूला सुटते ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी छापील आकडा वाफेने पुसलेला असतो.