जाझ गिटार: सोलो जमतो, पण साथ करताना काय वाजवायचं?

दुसरा_फ्रेट
नमस्कार मंडळी. मी आधी बरीच वर्षं ब्लूज आणि रॉक वाजवत होतो, आता जाझच्या मागे लागलोय. मोड्स, आर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकेक करून), टू-फाइव्ह-वन या जाझमधल्या नेहमीच्या कॉर्डक्रमावरच्या लिक्स (छोटे तयार तुकडे) असा नेमाने रियाज चालू आहे. बॅकिंग ट्रॅकवर ‘ऑटम लीव्ह्ज’ या गाण्याचा सोलो बरा होतो. आता पियानो, डबल बेस आणि ड्रम्स वाजवणाऱ्या तिघांनी सोबत वाजवायला बोलावलंय. चार-पाच स्टँडर्ड्स (जाझवाले सगळेच वाजवतात ती गाणी), तेही लोकांसमोर. माझा सोलो संपून पियानोचा सुरू झाला की मी नेमकं काय वाजवायचं? मला येतात ते सगळे बार कॉर्ड्स (एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरायचे), आणि ते तिथे फार जड वाटतात. शिवाय माझ्याकडे टेलिकास्टर आहे, म्हणजे भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार. होलो बॉडी, म्हणजे आतून पोकळ गिटार, घ्यावी लागेल का?

मंद्र
गिटारचं तेवढं सांगतो. मुळीच घेऊ नका. एड बिकर्ट या जाझ गिटारवाल्याने टेलिकास्टरवर जे वाजवलंय ते ऐका, इतका उबदार आवाज पोकळ आर्चटॉप गिटारवालेही कित्येकदा काढत नाहीत. नेकचा पिकअप, टोनचा नॉब अर्ध्याखाली, अँपचं ट्रेबल कमी, डिस्टॉर्शन आणि रिव्हर्ब जवळजवळ नाहीच. झालं.

सहावी_तार
प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. चौघांच्या बँडमध्ये तुमच्या सोलोच्या वाट्याला गाण्याचा छोटासा तुकडा येतो, बाकी सगळा वेळ साथ. आपण रियाज करतो तो मात्र बरोब्बर उलट्या प्रमाणात. मी लहान बँडमधून साथच जास्त केली आहे आणि मनापासून सांगायचं तर मला ती सोलोपेक्षा जास्त आवडते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सहा तारांचे कॉर्ड बाजूला ठेवा. कॉर्डचा मूळ स्वर बेस वाजवतोच आहे. त्यापासून मोजलेला पाचवा बहुतेक वेळा नसला तरी काही अडत नाही. कॉर्ड मेजर की मायनर हे तिसरा स्वर सांगतो, आणि त्याची ओढ कुठे आहे हे तिसरा आणि सातवा मिळून सांगतात. तेव्हा दोन स्वर पुरेत.

‘ऑटम लीव्ह्ज’ ई मायनरमध्ये घ्या. फक्त तिसरी आणि चौथी तार (बारीक तारेकडून मोजून). ए मायनर सेव्हनला दोन्ही तारा पाचव्या फ्रेटवर: चौथीवर जी, तिसरीवर सी. डी सेव्हन आला की चौथी तार चौथ्या फ्रेटवर आणा, एफ शार्प मिळेल. सी तसाच राहू द्या. जी मेजर सेव्हनला एफ शार्प तसाच, आणि आता तिसरी तार चौथ्या फ्रेटवर उतरते, बी. सी मेजर सेव्हनला चौथी तार दुसऱ्या फ्रेटवर. एफ शार्प हाफ डिमिनिश्डला तिसरीही दुसऱ्यावर. बी सेव्हनला चौथी पहिल्या फ्रेटवर. मग ई मायनर सेव्हन, दोन्ही तारा मोकळ्या.

पहिले आठ बार (चार-चार ठोक्यांचे कप्पे) झाले. शेवटची पायरी सोडली तर दर वेळी एकच बोट हलतं, एकदा या तारेवरचं, एकदा त्या. हे सावकाश वाजवा आणि चौथ्या तारेवरचे स्वर तोंडाने गा: जी, एफ शार्प, एफ शार्प, ई, ई, डी शार्प, डी. गाण्याची सगळी हार्मनी या एका उतरत्या ओळीत ऐकू येते. ती गळ्यात बसेपर्यंत पुढचे आठ बार घेऊ नका. याचा फायदा सोलोलाही होतो. कॉर्ड बदलतो त्या बारच्या पहिल्या ठोक्याला यातला एखादा स्वर पडला, की मागे कोणी नसतानाही ऐकणाऱ्याला कॉर्ड बदललेला कळतो. लिक्सच्या वह्या भरून हे साधत नाही.

आता लय. मेट्रोनोम ६० वर लावा आणि त्याचा प्रत्येक ठोका दुसरा आणि चौथा धरा, म्हणजे गाणं १२० ने चालेल. पहिला आणि तिसरा तुमचा तुम्ही आतून मोजायचा. हे सुरुवातीला फार निसटतं. निसटू द्या, थांबा, पुन्हा धरा. त्यावर एकच तुकडा वाजवा: पहिल्या ठोक्यावर कॉर्ड, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधल्या अर्ध्यावर कॉर्ड. याला चार्ल्स्टन म्हणतात. पहिला लांब ठेवा, दुसरा तोडा. मग उलट करा. मग तोच तुकडा अर्धा ठोका उशिरा सुरू करा. नवे कॉर्ड शिकण्याआधी एवढ्यावर खूप दिवस काढता येतात, आणि काढावेत.

ऐकायला गिटारवाला फ्रेडी ग्रीन घ्याच. काउंट बेसीच्या बँडमध्ये १९३७ पासून जवळपास ५० वर्षं हा माणूस अँपशिवाय, बारला चार ठोके, बस्स एवढंच वाजवत राहिला. बऱ्याचदा दोन-तीनच स्वर, कधी कधी तर एकच ऐकू येतो. पण अख्खा बँड त्यावर उभा आहे.

दुसरा_फ्रेट
खूप आभार. आत्ताच वाजवून पाहिलं, दोन तारांत गाणं ऐकू येतं हे खरंच अजब आहे! आणखी दोन शंका. पियानोवाल्याच्या डाव्या हातात हेच स्वर असणार ना? मग दोघांनी वाजवलं तर टक्कर होणार. आणि बेस किंवा ड्रमचा सोलो चालू असताना मी कुठल्या बारवर आहे हे हरवतं, त्याला काय करायचं?

सहावी_तार
टक्कर होते, आणि ती दोघांनी हळू वाजवून टळत नाही. आधीच ठरवून घ्या. गिटारचा सोलो असेल तेव्हा साथ पियानोची. बेसच्या सोलोला एकानेच, तेही विरळ. पियानोच्या सोलोला तुमच्यापुढे दोन वाटा आहेत: फ्रेडी ग्रीनसारखे हलके चार ठोके, नाहीतर हात तारांवर ठेवून गप्प बसणं. स्टेजवर गप्प बसणं हेही वाजवणंच आहे, ते घाबरत करू नका. पियानो आणि गिटार एकमेकांना कशी जागा देतात हे ऐकायचं तर पियानोवाला बिल एव्हान्स आणि गिटारवाला जिम हॉल यांचं १९६२ चं दोघांचंच रेकॉर्डिंग ऐका. बेस नाही, ड्रम्स नाहीत. एव्हान्स सोलो घेतो तेव्हा हॉल काय वाजवतो आणि मुख्य म्हणजे काय वाजवत नाही, तिकडे कान लावा.

हरवण्याबद्दल. ३२ बारांचं हे आवर्तन आठ-आठ बारांच्या चार भागांत मोडा. पहिले दोन भाग सारखेच. तिसरा एफ शार्प हाफ डिमिनिश्डवर सुरू होतो, तो बदल कानाला लगेच कळतो. बार मोजत बसू नका. दुसऱ्याच्या सोलोखाली मूळ चाल मनात गात राहा. चाल पाठ असेल तर ड्रमवाला काहीही करो, तुम्ही जागेवर असता. म्हणून घरी नुसती चाल वाजवा, कॉर्ड न लावता, वेगवेगळ्या जागी, शेवटी डोळे मिटून.

मंद्र
एक पुस्ती जोडतो. कुठल्या पट्टीत वाजवणार ते आजच विचारा. ‘ऑटम लीव्ह्ज’ जाम सेशनमध्ये बऱ्याचदा जी मायनरमध्ये घेतात. वर दिलेलं सगळं तीन फ्रेट वर सरकवा, मोकळ्या तारांच्या जागी तिसरा फ्रेट येईल.

सहावी_तार
बरोबर. आणि पट्टीबरोबर आणखी तीन गोष्टी तालमीत पक्क्या करा. सुरुवात कुठून? शेवटचे आठ बार इंट्रो म्हणून घेणं सोपं पडतं. ड्रमबरोबर चार-चार बारांची देवाणघेवाण करणार का? आणि शेवट कसा? शेवटचे चार बार तीनदा वाजवून थांबायचं असेल तर तसं आधी बोलून ठेवा. कोणी स्वतःच्या डोक्याकडे बोट केलं तर सोलो संपले, आता मूळ चाल, एवढं लक्षात ठेवा. त्यासाठी मान वर हवी, म्हणून फ्रेटबोर्डकडे न बघता वाजवायची सवय आत्तापासून लावा.