ट्रेल नेम : ठेवलेलं नाव की पडलेलं?

प्रश्न : अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन ट्रेलवर चाललेल्या एका मुलीची मुलाखत मराठीत आणते आहे. ती सारखी 'माझं ट्रेल नेम' म्हणते. 'टोपणनाव' लिहिलं तर चालेल का?

उत्तर : ताई, चालेल, पण निम्मा अर्थ सांडेल. टोपणनाव म्हटलं की आपल्याला आधी कवी-लेखक आठवतात, आणि ते नाव बहुधा ज्याचं त्यानेच घेतलेलं असतं. शिरवाडकरांनी 'कुसुमाग्रज' स्वतः घेतलं. ट्रेल नेम म्हणजे लांबच्या पायवाटेवर चालणाऱ्याला तिथे ज्या नावाने ओळखतात ते, आणि ते सहसा सोबत चालणारे देतात. त्याच्या जवळचं उदाहरण बालकवींचं. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ठोमऱ्यांना ते नाव मिळालं आणि कायमचं चिकटलं.

अ‍ॅपलाचियनची ही पायवाट जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेन राज्यातल्या कटाडिन डोंगरापर्यंत जाते. १४ राज्यं, सुमारे ३,५०० किलोमीटर, एका दमात चालणाऱ्याला साधारण पाच ते सात महिने. पहिल्या काही आठवड्यांतच कुणी पातेलं करपवतो, कुणी रात्रभर घोरतो, कुणी रोज तेच ते खातो. त्यावरून कुणीतरी सहज काही बोलून जातं, दुसरा ते उचलतो, आणि नाव पडतं. पण ज्याला पडलं त्याने ते स्वीकारावं लागतं. 'हे नको' म्हटलं तर सोबती दुसरं शोधतात. आपल्या शाळेत एखाद्याला नाव पाडतात तेव्हा ही सोय नसते, हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

नाव टिकतं ते वहीमुळे. वाटेवर अडीचशेहून जास्त निवारे आहेत, बरेचसे तीन भिंतींचे, आणि त्यांत वही ठेवलेली असते. येणारा तिथे ट्रेल नेमने सही करतो, दोन ओळी लिहितो, मागून येणारे वाचतात. कधीच न भेटलेली माणसं अशी एकमेकांना ओळखू लागतात. खरं नाव, नोकरी, आडनाव महिनोन्‌महिने कुणी विचारत नाही. आडनाव कळल्याशिवाय आपली ओळख पुरी होत नाही. आडनावावरून गाव आणि जात ताडायची सवय इतकी मुरली आहे! मुलाखतीतली मुलगी त्या नावावर एवढी जीव टाकते त्याचं कारण मला इथे दिसतं. तुमच्या मराठीत हे उतरायलाच हवं.

दुसरं उत्तर : वरच्या मताला थोडी मुरड घालतो. सगळीच नावं पाडलेली नसतात. २०१३ साली अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या दुसऱ्या लांब वाटेवर विक्रम करणाऱ्या हेदर अँडरसन यांचं ट्रेल नेम 'अनिश', ते त्यांच्या अनिशिनाबे (उत्तर अमेरिकेतले मूळनिवासी) पूर्वजांवरून. (मराठीत लिहिताना खुलासा कराच, नाहीतर वाचक त्यांना मुलगा समजेल.) 'निम्बलविल नोमॅड' या नावाने चालणाऱ्या गृहस्थांनी २०२१ मध्ये ८३ व्या वर्षी अ‍ॅपलाचियन पुरी केली, निम्बलविल हा जॉर्जियातला एक ओढा. आणि १९९० मध्ये ती वाट चालून गेलेले दृष्टिहीन बिल आयर्विन व त्यांचा वाटाड्या कुत्रा ओरिएंट, या दोघांचं मिळून नाव होतं 'ओरिएंट एक्स्प्रेस'. 'सोबत्यांनी दिलेलं नाव' एवढीच व्याख्या केली तर ही मंडळी बाहेर राहतात.

प्रश्नकर्ती : मग 'वाटनाव' कसं वाटतं?

उत्तर : अर्थ बसतो, पण वाचताना डोळा आधी 'वाटण'वर जातो. मी 'ट्रेल नेम' तसंच ठेवेन, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'वाटेवर पडलेलं नाव' असं जोडेन. क्रियापद 'पडणे'च घ्या. 'मी ट्रेल नेम ठेवलं' लिहिलंत तर तिने बारसं स्वतःच केलं असा अर्थ होतो. तसं खरंच असेल तेव्हाच 'घेतलं' लिहा.

नावांचं भाषांतर मात्र सरसकट करू नका. १९४८ मध्ये ही वाट सलग चालल्याची पहिली नोंद ज्यांच्या नावावर आहे, त्या अर्ल शॅफर यांना 'द क्रेझी वन' म्हणत. 'वेडा' केलं तर त्यातलं कौतुक जातं. उलट १९५५ मध्ये ६७ व्या वर्षी, अकरा मुलं वाढवून झाल्यावर, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी टाकून एकट्या निघालेल्या एमा गेटवुड. त्यांना सगळे 'ग्रँडमा गेटवुड' म्हणत. तिथे बेलाशक 'गेटवुडआजी' लिहा.